पाटेकोंडचा वाघ

पाटेकोंडचा वाघ उंदरालाही घाबरतो, हे साऱ्या पाटेकोंडला ठाऊक होतं. तरी वाघ तोच. दरवर्षी वाघबारशीला अंगाला हळद आणि कोळसा फासून, कमरेला काथ्याची लांब शेपूट बांधून धाकू वाघ व्हायचा आणि गावातली पोरं त्याला कारिटाची कडू फळं मारत शिवेपार पिटाळायची. हा मान त्याच्या घराण्याकडे होता. आधी चुलता, मग तो. या घराण्यात कधी कुणी शूर निपजलं होतं का, याची चौकशी कुणी केली नव्हती. वाघबारशीच्या वाघाला शौर्य लागतच नाही, पळता यावं लागतं. आणि पळण्यात धाकूला तोड नव्हती.

आता या सणाचे नियम सांगायला हवेत, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यामुळेच झाला. सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या माळावर, कातळाच्या मधोमध, वाघोबाचा दगड आहे. ती गावाची शीव. तिथवर पोरांनी वाघाला पळवायचं, मग खीर शिजवायची, खायची आणि घरी यायचं. वाघाने शिवेपलीकडे एकट्याने दिवेलागणीपर्यंत राहायचं. तिकडून तो काही बोलला तरी कुणी ओ द्यायची नाही, त्याचं नाव तर मुळीच घ्यायचं नाही. घेतलं तर वाघ वर्षभर गावात शिरतो. शिवेपलीकडे त्या दिवशी कुणी कुठल्याही जनावरावर दगड उचलायचा नाही. दिवे लागले की वाघाने आपल्या दारात येऊन उभं राहायचं आणि घरातल्या माणसाने त्याला नावाने हाक मारून आत घ्यायचं. नाव कानावर पडलं की वाघाचा माणूस होतो. नाही पडलं तर वाघ बाहेर. धाकूच्या चुलत्याचं आणि चुलतीचं एका वर्षी नारळांवरून वाजलं होतं, तेव्हा चुलतीने हाकच मारली नाही. बिचाऱ्याने कितीतरी रात्री गोठ्यात काढल्या, आणि शेवटी रेडकाला सर्दी झाली म्हणून त्याला घरात घेतलं.

धाकूला पूर्वी त्याची आई हाक मारायची, "धाकू, ये घरात." आई गेल्यावर ते काम विनोदकडे आलं. विनोद त्याचा मुलगा, लोट्याला कारखान्यात होता. बापाला वर्षातून एकदा राजरोस एकेरी हाक मारायला मिळते म्हणून तो वाघबारशीची रजा कधी चुकवायचा नाही. यंदा मात्र त्याचा फोन आला, की शिफ्ट बदलून मिळत नाही, तुमचं तुम्ही बघा.

म्हणजे उरली सखू. सखूने नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर "अवो", "ऐकलात काय" आणि फारच राग आला तर "विनूचे बापूस", यावर तिचा संसार नीट चालला होता. त्यातून सध्या ती धाकूशी बोलतच नव्हती. त्याला कारण लांडगा.

लांडगा भाद्रपदात आला. सड्यावर कमरेएवढं गवत होतं तेव्हा. रत्नागिरीच्या स्टँडवर रिक्षा लावणाऱ्या सुजयने त्याला पहिल्यांदा पाहिलं आणि फोनवर त्याचा फोटो काढला. फोटोत गवत फार सुंदर आलं होतं. लोक म्हणाले, कोल्हा असेल. मग सखूचं एक करडू गेलं आणि आठवड्याभरात दुसरं. दुसरं नेताना तर तिने स्वतः पाहिलं. गुमान आला, उचललं, गेला. सखू त्या दिवशी जेवली नाही.

देवळात बैठक बसली. सगळ्यांत मोठा आवाज धाकूचा होता. "त्येला मारूकच होया," म्हणाला, "मी असतो ना तितं, तर दाकवला असता." त्यावर गावचे मानकरी आप्पा गावकर म्हणाले, "तू असतास तर आमाला तुलाच शोधूक लागला असता." सगळे हसले आणि ठरलं असं, की वाघबारस होऊन जाऊ दे, मग सुजय मेलेल्या कोंबडीत घालायला कसलंसं औषध आणणार होता ते आणील. सणाच्या तोंडावर जनावर मारणं बरं दिसत नाही, असं आप्पांचं म्हणणं पडलं.

तोवर शेळ्यांबरोबर सड्यावर कुणी मोठ्या माणसाने जायचं. सखूने धाकूला पाठवलं. आणि बारशीच्या आदल्या दुपारी धाकू ऐनाच्या झाडाखाली टेकला, त्याचा जरा डोळा लागला, आणि जागा होऊन बघतो तर मोगरी नाही.

मोगरी ही काही नुसती शेळी नव्हती. काळीभोर, अंगावर पांढरे ठिपके, पहिल्या खेपेची गाभण. तिची आई बाळंतपणात गेली तेव्हा सखूने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. ती सखूच्या मागून विहिरीवर जायची, दुकानात जायची, एकदा तर एसटीत चढली होती. धाकू संध्याकाळी बाकीच्या शेळ्या घेऊन घरी आला आणि दारापुढच्या खळ्यात उभा राहिला. सखूने शेळ्यांवरून नजर फिरवली. मग ती काहीही न बोलता आत गेली आणि तिने भात वाढला. भातावर आमटी नव्हती.

सकाळी धाकूने अंग रंगवून घेतलं. शेपूट दरवर्षी सखू वळायची. यंदा मिळते की नाही अशी त्याला धास्ती होती. पण उंबऱ्यावर नवी शेपूट ठेवलेली होती, नेहमीपेक्षा लांब आणि घट्ट पिळाची. ती ठेवून सखू आत निघून गेली होती. धाकूने मनाशी गणित मांडलं. मोगरी सापडली नाही तर सखू हाक मारणार नाही. सखूने हाक मारली नाही तर गोठा. आणि गोठ्यात उंदीर होते.

पोरांनी त्या दिवशी कारिटं जरा जास्तच मन लावून मारली. "लांडग्याला भिनारा वाघ" अशी आरोळीही कुणीतरी बसवली होती. धाकू पळाला, वाघोबाचा दगड ओलांडला, आणि नेहमी जिथे करवंदीच्या जाळीआड बसून बिड्या ओढायचा तिथे न थांबता तसाच पुढे गेला. दिवेलागणीपर्यंत वेळ होता. मोगरी जिवंत असो की नसो, तिचं काहीतरी घेऊन जायचं, निदान गळ्यातली घंटा तरी. ती घंटा सखूच्या हातात देण्याची कल्पना त्याला सहन होईना, पण मोकळ्या हाताने जाणं त्याहून वाईट होतं.

"मोगरे, ए मोगरे," करत तो कातळावरून फिरत राहिला. आणि जुन्या चिरेखाणीजवळ त्याला घंटा ऐकू आली.

चिरे काढून झाल्यावर ती खाण कोणीतरी तशीच सोडून दिली होती. चारी बाजूंनी घराच्या भिंतींसारख्या सरळ तासलेल्या कडा, गाडी उतरायची वाट डबर टाकून बुजवलेली. धाकू काठावर ओणवा झाला. एका भिंतीला अर्धवट कापून सोडलेल्या चिऱ्यांचा कट्टा होता, डोक्याहून उंच, आणि त्यावर मोगरी उभी होती. अख्खी. धाकूला एवढा आनंद झाला, की तो आणखी ओणवा झाला. त्याच्या गुडघ्याखालचा कातळ भुसभुशीत निघाला आणि पाटेकोंडचा वाघ मातीच्या ढिगावर, शेपटीसकट, धपकन खाली आला.

उठून त्याने अंग चाचपलं. मोडलं काही नव्हतं. मोगरी वरून त्याच्याकडे टक लावून पाहत होती. नाही, त्याच्याकडे नाही, त्याच्या पाठीमागे. धाकूने मान वळवली. समोरच्या कोपऱ्यात लांडगा बसला होता.

धाकूच्या तोंडचं पाणी पळालं. पळावं म्हणून त्याचे पाय आपोआप उचलले गेले, पण पळायला जागा नव्हती. एवढ्या वर्षांत त्याच्यावर अशी वेळ कधी आली नव्हती. मग त्याला आठवलं, की आपण वाघ आहोत. वाघबारशीला काढतो तशी त्याने छाती भरून गुरगुर काढली. लांडग्याने कान हलवले आणि जांभई दिली.

धाकू पाठ भिंतीला लावून सरकत सरकत कट्ट्याखाली गेला. तिथून त्याने पाहिलं, लांडग्याचा पुढचा एक पाय सुजला होता. मोगरीच्या मागे लागून तोही कालपासून इथे पडला असणार. मोगरी उडी मारून कट्ट्यावर गेली, याला पाय दुखावल्याने जाता आलं नाही. आता खाली एक जेवण आपणहून चालत आलं होतं, तेही हळद लावून.

मग मात्र धाकूने बोंब ठोकली. "अरे कोन हाय काय? मी खानीत पडलोय! हितं लांडगा हाय! आप्पानू!"

वाघोबाचा दगड काही लांब नव्हता. खिरीसाठी पेटवलेल्या चुलीचा धूर इथवर येत होता, पोरांचा गोंगाटही. धाकूची हाक गेली आणि तो गोंगाट एकदम थांबला. धाकूचा जीव भांड्यात पडला. मग आप्पांचा आवाज आला, कडक आणि स्पष्ट. "कुनी ओ देऊ नका रं. वाघ काय वाट्टेल ता बोलंल."

"आप्पानू, मी वाघ नाय, मी धाकू!"

"बघा," आप्पा म्हणाले, "आता नाव पन सांगतोय. लय हुशार असतो."

"काका यंदा काय रंगात आलाय," हे सुजयचं. त्यावर सगळे खदखदून हसले आणि पळीने खीर वाढल्याचा आवाज आला.

धाकू ओरडत राहिला. मोगरी सापडली म्हणून ओरडला, शिडी आणा म्हणून ओरडला, शेवटी नुसताच ओरडला. पलीकडून टाळ्या पडल्या. पोरांनी खीर खाऊन फटाक्याची माळ लावली. ती फुटली मात्र, कोपऱ्यातला लांडगा ताडकन उठला. धाकूने डोळे मिटून घेतले. सखू, विनू, आई, सगळे एका रांगेत डोळ्यांपुढून गेले. मग त्याच्या मांडीला काहीतरी लागलं.

त्याने एक डोळा उघडला. लांडगा धावून आला होता तो त्याच्यावर नाही, त्याच्या आडोशाला. कट्ट्याखालच्या खोबणीत, धाकू आणि भिंत यांच्यामध्ये तो अंग चोरून बसला होता आणि थरथरत होता. दर फटाक्याला त्याचं सगळं अंग उडत होतं. बरगड्या मोजता आल्या असत्या. धाकूही थरथरत होता, त्यामुळे कोण जास्त थरथरतंय हे नीट सांगता येईना.

माळ संपली. लांडग्याला आपण कुठे बसलोय हे कळलं असावं, कारण तो लंगडत परत आपल्या कोपऱ्यात गेला आणि दुसरीकडे बघत बसला. लाजल्यासारखा. धाकूला ती लाज चांगलीच ओळखीची होती. आजवर गावात एवढा घाबरट प्राणी आपण एकटेच आहोत, असं त्याला वाटत आलं होतं. त्या लांडग्याची त्याला दया आली; आणि मग सखूची दोन करडं आठवून त्या दयेचाही राग आला.

इकडे खीर खाऊन पोरं घरी गेली आणि वाघाच्या गमती सांगू लागली. वाघ म्हणतो खाणीत पडलोय, वाघ म्हणतो लांडगा आहे, वाघ म्हणतो मोगरी सापडली. ऐकणारे पोट धरून हसले. सखू हसली नाही. आपल्या नवऱ्याला एवढं सगळं रचून सांगण्याइतकी कल्पनाशक्ती नाही, याबद्दल तिची खात्री होती. तिने पडवीतली आंबे उतरवायची लांब शिडी काढली आणि खांद्यावर टाकली.

धाकूला वर आधी शिडीचं टोक दिसलं, मग सखू. तिने खाली वाकून सगळं पाहिलं. नवरा, शेळी, लांडगा. वाघाशी बोलायचं नाही हा नियम होता, आणि नवऱ्याशी बोलायचं नाही हा तिचा स्वतःचा नियम होता. दोन्ही नियम पाळून ती म्हणाली, "मोगरे, काय गो हितं येऊन बसलीस? संगती कोन नव्हता काय तुज्या? की झोपला होता?"

मोगरी बें करून ओरडली.

"मोगरे," धाकू खालून म्हणाला, "तिला सांग, झोपलो नव्हतो. जरा डोळा लागला."

"मोगरे, त्यांना सांग, शिडी सोडतंय. आदी तुला वर दे म्हनावं. मग त्यांचा काय ता बगू."

शिडी तिरकी उतरली आणि कट्ट्याशेजारी टेकली. धाकूने मोगरीला खांद्यावर घेतलं. लांडगा उठला नाही. नुसता पाहत होता. धाकू एकेक पायरी चढत वर आला आणि सखूने मोगरीला अशी कवटाळली, की हळद-कोळसा तिच्याही पदराला लागला. रडली ती. धाकूही रडला असता, पण वाघाने रडावं की नाही हे नियमात नव्हतं.

तोवर आप्पा, सुजय आणि चार माणसं धावत आली होती. सखू शिडी घेऊन सड्याकडे गेली म्हटल्यावर सगळ्यांचं हसू मावळलं होतं. सुजयने खाली डोकावून पाहिलं आणि लगेच दगड शोधू लागला. आप्पांनी त्याचा हात धरला. "आज शिवेपल्याड दगड नाय. नियम म्हंजे नियम."

"मग सकाळी," सुजय म्हणाला. "जातोय कुटं? शिडी घ्या वर." मग आठवण होऊन तो आप्पांकडे वळला. "काकाला, म्हंजे वाघाला, सांगा कोनतरी, शिडी वर घे म्हनून."

आप्पांनी ते मोगरीला सांगितलं. मग सगळे तिला घेऊन गावाकडे निघाले. दिवे लागल्याशिवाय वाघाला यायचं नव्हतं, म्हणून धाकू तेवढा मागे राहिला.

त्याने शिडीला हात घातला. खाली कोपऱ्यातून दोन डोळे त्याच्याकडे बघत होते. शिडी वर ओढली की काम संपलं. सकाळी सुजय येईल, आणखी दहा जण येतील, वरून दगड पडतील, आणि आपल्याला बघावंही लागणार नाही. धाकू शिडीचं टोक धरून बराच वेळ उभा राहिला. त्याने स्वतःला एक-दोन शिव्या दिल्या. मग ऐनाच्या फांद्या तोडल्या, बगलेत मारल्या, आणि ज्या खड्ड्यातून बाहेर यायला दुपारभर बोंबलला होता त्यात आपल्या पायांनी परत उतरला.

पायऱ्यांमधल्या फटीत दुखरा पाय अडकला असता. म्हणून त्याने खालून वरपर्यंत फांद्या आडव्या घातल्या आणि कमरेची शेपूट सोडून, पीळ उकलून, त्या घट्ट बांधल्या. लांडग्याकडे पाठ करून बसावं लागत होतं. मागून गुरगुर यायची आणि धाकूची गाठ चुकायची. "गप बस रं," तो म्हणायचा, "माजा पन जीव जातोय." शेवटची गाठ मारून तो वर आला, आणि मागे न बघता पळत सुटला. पळणं त्याला जमायचं.

खळ्याच्या कडेला तो उभा राहिला तेव्हा तुळशीपुढे दिवा लागला होता आणि अर्धं गाव जमलं होतं. सखू उंबऱ्यावर होती. सखू नाव घेणार काय, या उत्सुकतेने बाया एकमेकींना कोपरं मारत होत्या.

"वाघाची शेपूट गेली," एक पोर म्हणालं आणि सगळे हसले. सुजय हसला नाही. "शिडी घेतलीव ना वर?" त्याने विचारलं.

सखू त्याच्या रिकाम्या कमरेकडे बघत होती. शेपूट तिने वळली होती. ती किती लांब होती आणि तिने काय काय बांधता येईल, हे तिला ठाऊक होतं.

"शेपूट कुटं हाय?" तिने विचारलं. कालपासून ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती, मधे शेळी न घेता.

"शिडीला."

सुजयने कपाळावर हात मारला. सखूचा चेहरा दगडासारखा झाला. "माजी दोन करडा खाल्लान त्येनं," ती म्हणाली.

"खाल्लान," धाकू म्हणाला. "माजा पन जीव तुटतो त्येंच्यासाठी. पन तो भिलेला, सखू. माज्याएवडा भिलेला. मी वरडलो तर कुनी ओ दिली नाय. मला शिडी आनूक तू होतीस. त्येला कोन होता?"

आप्पा खाली बघू लागले. धाकू गोठ्याकडे पाहू लागला. आज तिथेच झोपायचं आहे हे त्याने धरून चाललं होतं. सखूचे डोळे भरून आले होते, पण ते करडांसाठी की आणखी कशासाठी, हे त्याला कळेना.

"उद्यापास्नं शेळ्या मी नेनार सड्यावर," ती म्हणाली. "तुमी घरात झोपा. आनि त्यो परत दिसला तर त्येची गाठ माज्याशी हाय."

मग तिने डोक्यावरचा पदर नीट केला. दोनदा तोंड उघडून मिटलं. बायांची कोपरं थांबली. कुणाला वाटलं उखाणा येईल. पण सखूने सासूचेच शब्द घेतले, सासूच्याच चालीवर.

"धाकू," ती म्हणाली, "ये घरात."

धाकूला ओ द्यायची होती. पण दिवसभर ओरडून त्याचा घसा बसला होता. त्याने नुसती मान हलवली आणि उंबरा ओलांडला. आत पानात भात वाढलेला होता, आणि भातावर आमटी होती.